अठ्ठेचाळीस दाते

दि. २५ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची भिंगरी पोस्टात रुजू होऊन तीन आठवडे झाले आणि पहिलं सविस्तर पत्र आज लिहितेय, तेव्हा आधी कान धरते. आईला म्हणावं, खोली चांगली आहे. खाली छापखाना आहे, त्यामुळे संध्याकाळी सहापर्यंत जमीन थरथरते आणि टेबलावरची पेन्सिल आपोआप खाली जाते. सहानंतर मात्र इतकं शांत होतं की करमत नाही.

मला टपालवाटपासाठी टेकडीचं बीट मिळालंय. म्हणजे कुणालाच नको होतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आधी बाजारातल्या सपाट गल्ल्या, मग दीड किलोमीटरचा चढ, आणि अगदी माथ्यावर पाण्याची टाकी. टाकीचे वॉचमन हे माझं शेवटचं घर. पोस्टमास्तरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की बाहेरगावची थैली दीड वाजता बंद होते; वरच्या पेट्यांमधलं टपाल घेऊन त्याआधी परत आलं पाहिजे. वर्षअखेरपर्यंत हे जमलं तर बीट कायमचं माझं. नाही जमलं तर ते मोटारसायकलवाल्याला देणार आणि मला आत शिक्के मारायला बसवणार. बाबा, मला आत नाही बसायचं.

तुमच्या सायकलकडे लोक वळून वळून बघतात. चकाकते अगदी. बूट मात्र फसवे निघाले, तीन आठवड्यांत तळवे गेले, परवा मोच्याकडे टाकलेत. बाकी सगळं मस्त चाललंय.

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
भिंगरी


दि. २ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. पोस्टातली पहिली बाई टेकडीच्या बीटावर, आणि ती माझी मुलगी! ज्यांची सायकल दुरुस्त झाली होती त्यांनाही मी पंधरा मिनिटं थांबवून ठेवलं.

लोक वळून बघतातच. ती सायकल मी स्वतः जोडलेली आहे. पुढच्या चेनव्हीलला अठ्ठेचाळीस दाते, मागच्या फ्रीव्हीलला सोळा. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक बरोबर तीनदा फिरतं आणि सायकल साडेसहा मीटर पुढे जाते. कालव्याच्या रस्त्यावरची शर्यत मी याच चेनव्हीलवर मारली, एकतीस वर्षांपूर्वी. दुसरा आला तो इतका मागे होता की तो येईपर्यंत माझा चहा पिऊन झाला होता. आयुष्यात मी चढाला सीटवरून उतरलो नाही, हे तुला ठाऊक आहे.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सायकल चालवणाऱ्याचे बूट तीन आठवड्यांत जात नाहीत. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांचे पाय बघतोय. पायडल मारणाऱ्याच्या बुटाला चवड्याखाली खाच पडते आणि टाच कोरी राहते. तुझे चवडे झिजलेत की टाचा? खरं लिही.

आई आशीर्वाद सांगते. ख्यालीखुशाली कळवत राहा.

तुझा,
बाबा


दि. ९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टाचा.

तुमच्यापासून लपवायचं होतं, पण तुम्ही सायकलवाले असून पोलिसाच्या वर निघालात. मी चढ चालत चढते, बाबा. पहिल्या वळणापर्यंत कशीबशी उभी राहून पायडल मारते, मग पायडल दगडासारखं थांबतं आणि मी उतरते. बारा किलोची पिशवी कॅरिअरवर आणि मी हँडल धरून ढकलतेय, असं रोजचं दृश्य. वरच्या शाळेतल्या मास्तरीणबाई तर मला बघून घड्याळ लावतात म्हणे. परत यायला अडीच वाजतात. थैली गेलेली असते. पोस्टमास्तर शिक्क्यांच्या टेबलाकडे बघतात.

आधी वाटलं, माझ्याच पायात काही नाही. तुम्ही कधी उतरला नाहीत आणि तुमची मुलगी रोज उतरते, हे कुठल्या तोंडाने लिहू? पण तुमचं पत्र आल्यावर मी बाहेर जाऊन दाते मोजले. अठ्ठेचाळीस आणि सोळाच आहेत. मग मला राग आला, आणि तो लिहून टाकते. कालव्याचा रस्ता सपाट होता, बाबा! पाण्याशेजारी चढ कुठून येणार? तुम्ही मला शर्यतीची सायकल दिलीत आणि माझं काम टेकडीवर आहे. हे चेनव्हील बदलून मिळेल का? तुम्हाला ते किती प्रिय आहे हे माहीत असूनही विचारतेय.

राग आला असेल तर रागावून लिहा, पण लिहा. 

तुमचीच,
भिंगरी


दि. २१ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र नाही म्हणून ते रुसलेत असं समजू नकोस. तुझं पत्र वाचून ते दोन दिवस धुसफुसत होते खरे. तिसऱ्या दिवशी मी मशीनवर ताडपत्रीची पिशवी शिवत होते आणि ते समोर येऊन उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे पाय काढून घेतला आणि वरचं चाक हाताने फिरवायला लागले. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, अहो, खालचं चाक मोठं नि वरचं छोटं, पातळ कापडावर सुई नुसती पळते, पण जाड कापड आलं की तोच वेग अडून बसतो. हे मी तीस वर्षं करतेय, तुम्ही आज बघताय.

ते तसेच दुकानात गेले. दुपारी दुकानातल्या सायकलला अठ्ठेचाळीस-सोळा जोडलं, पिशवीत बारा किलो वाळू मोजून भरली, ती कॅरिअरला बांधली आणि रेल्वेच्या पुलाकडे निघाले. चौसष्टाव्या वर्षी! मी मागोमाग गेले, तोंडाने बडबडत. पुलाचा चढ अर्धा झाला, मान लाल झाली, सायकल डुलायला लागली, आणि भिंगरी, तुझे बाबा उतरले. भर रस्त्यात, चार गिऱ्हाइकं बघत असताना. उरलेल्या पुलावर त्यांनी सायकल ढकलत नेली. वर पोचल्यावर मला म्हणाले की पोरगी हे रोज करते, त्या पिशवीसकट, आणि एक दिवसही रजा नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. घाम म्हणाले, मी ऐकून घेतलं.

तेव्हापासून दुकानात खुडबुड चालू आहे. जेवायला तीनदा हाक मारावी लागते. अंगात लोकरीचं घालत जा.

तुझी,
आई


दि. २८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सोबतचं पार्सल जपून उघड. आईने सगळं लिहिलंच असेल, त्या बाईच्या पोटात काही राहत नाही. तेव्हा एवढंच लिहितो, की तुझे पाय चांगले आहेत. माझं गणित चुकलं होतं. मी तुला माझ्या तरुणपणाचा गिअर दिला आणि वर फुशारकी मारली.

आता नीट वाच. पुढे चाळीस दात्यांचं चेनव्हील बसव. मागचं चाक पूर्ण नवीन पाठवलंय, त्याच्या मधल्या हबला दोन्ही बाजूंना फ्रीव्हील आहे. एका बाजूला सोळा दाते, दुसऱ्या बाजूला वीस. बाजारात सोळाची बाजू चेनमध्ये ठेव, पायडलमागे चाक अडीचदा फिरेल. चढाच्या पायथ्याशी उतर, हे उतरणं माफ आहे, दोन नट सैल कर, चाक काढून उलटं बसव. आता वीसची बाजू आली. पायडलमागे चाक दोनदाच फिरेल, साडेसहा मीटरऐवजी सव्वाचार मीटर जाशील. जिथे दोन पायडल मारायचीस तिथे आता तीन मारावी लागतील, पण प्रत्येकाला जोर दोन-तृतीयांश पुरेल. टेकडी तेवढीच राहणार, तिला काही मी कानस लावू शकत नाही. फक्त ती तुला लहान लहान घासांत खाता येईल.

वीसचीच बाजू दिवसभर ठेवू का, असं विचारशील. नको. सपाटीला पाय नुसते भिरभिरतील आणि रस्ता सरकणार नाही, बाजारातच अर्धा तास जाईल. चाक उलटं केल्यावर चेन ताणून बघ, बोटभर हलली पाहिजे, जास्त नको. नट पान्याने घट्ट आवळ, नुसत्या मनगटावर विसंबू नकोस.

जुनं अठ्ठेचाळीसचं परत पाठव. भिंतीला लावतो.

तुझा,
बाबा


दि. ११ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बसवलं! छापखान्याच्या पायरीवर बसून, स्वतःच्या हाताने. पहिल्यांदा चाक उलटं करायला मला चौदा मिनिटं लागली आणि ग्रीस नाकापर्यंत गेलं. पायथ्याशी लाँड्री आहे, तिथल्या मावशी आता रोज घड्याळ धरून दारात उभ्या राहतात. काल चार मिनिटं झाली तर त्यांनी इस्त्री सोडून टाळ्या वाजवल्या.

आणि चढ, बाबा! पहिलं वळण मी बसूनच पार केलं. दुसरंही. पायडल थांबतच नाही, तेव्हा मला इतकं हसू आलं की शाळेतल्या मास्तरीणबाईंना वाटलं मला काही झालंय. पण खरं सांगते, टाकीच्या खालचं शेवटचं वळण अजून होत नाही. हलकं लागतं म्हणून मी खाली जोरात पळवते आणि तिथे पोचेपर्यंत दम संपतो. उतरावंच लागतं. पावणेदोनला परत येते. पंधरा मिनिटं उरलीत आणि दिवस वीस.

अठ्ठेचाळीसचं वेगळ्या पार्सलने पाठवतेय. पुसून, तेल लावून. 

तुम्हा दोघांचीच,
भिंगरी


दि. १८ डिसेंबर

पाण्याच्या टाकीचे वॉचमन यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी सायकल दुरुस्त करतो आणि आपल्याकडे टपाल आणणाऱ्या मुलीचा बाप आहे. हे पत्र तीच आपल्या हातात देईल, आणि पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून आत काय आहे ते ती विचारत राहील. सांगू नये.

आत दुसरं बंद पाकीट आहे, ते तिचं आहे. विनंती अशी की ती शेवटचं वळण सीटवर बसून चढून आली तरच ते तिला द्यावं. सायकल ढकलत आली तर काही न बोलता ठेवून घ्यावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावं. दया दाखवू नये. मुलगी गोड बोलते, आपण विरघळाल, म्हणून आधीच सांगतो. दम कसा राखायचा ते मी तिला वेगळं कळवलं आहे. खाली हळू निघायचं, पायडल मोजत जायचं, आणि साडेतीनशे होईपर्यंत वर बघायचं नाही. आता तिने ऐकलं तर. माझं ऐकायची सवय तिला कमीच आहे, तशी ती मलाही कुणाचं ऐकायची नव्हती.

पहिल्याच पत्रात काम सांगतोय, मोठ्या मनाने करावं.

आपला,
सायकलवाला


दि. २ जानेवारी

सायकलवाले भाऊंस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र एकवीस तारखेला मिळालं. त्या दिवशी पोरगी ढकलतच आली. पाकीट हातात देऊन तिथेच घुटमळली, वडिलांनी काय लिहिलंय म्हणून दहादा विचारलं. मी म्हटलं, पाण्याच्या तक्रारीचं आहे. खोटं बोलायची सवय नाही, कान तापले. बावीसला आणि तेवीसलाही ती वळणावर उतरली. भाऊ, तुमचा मला राग आला. दोनदा पाकीट खिशातून बाहेर काढलं आणि परत ठेवलं.

चोवीसला मी कठड्याशी उभा होतो. वळणावर आधी तिची टोपी दिसली. टोपी खाली जाईल म्हणून मी बघत राहिलो, कारण उतरली की ती खाली जाते. गेली नाही. सावकाश, एका लयीत वर येत राहिली. तोंडाने आकडे मोजत होती, तीनशे एक्केचाळीस, तीनशे बेचाळीस. माझ्यासमोर येऊन थांबली तेव्हा बोलण्याइतका दम तिच्यात होता. आपली मुलगी असावी असं मला त्या क्षणी वाटलं, तुमच्या परवानगीने. त्या दिवसापासून रोज तशीच येते आणि दीडच्या आत पोस्टात परत असते. काल सांगत होती, पोस्टमास्तरांनी बीट तिच्या नावावर करून दिलं आणि शिक्क्यांच्या टेबलावर स्वतःची छत्री ठेवली.

पाकीट मी चोवीसलाच दिलं. तिने सीटवर बसल्या बसल्या, एक पाय कठड्याला टेकवून फोडलं. आत एकच ओळ होती, ती तिने मला वाचून दाखवली. तुम्ही लिहिलं होतं की भिंगरी, आता उतरलीस तरी चालेल.

डोळे पुसले, पत्र छातीशी खिशात ठेवलं, पेटीतलं टपाल माझ्याकडून मागून घेतलं. पण भाऊ, ती काही उतरली नाही.

आपला,
टाकीवाला