वीज गेल्यावर पडणारा खटका

४ मार्च
पेटंट मागणाऱ्या लेथवाल्याने आज भर सुनावणीत विरोधी कंपनीच्या वकिलाची गचांडी धरली! दोन शिपायांनी ओढून काढला, तोवर वकिलाच्या ओठातून रक्त. पेटंटच्या अपिलात मारामारी — अपील मंडळावरच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच पाहिली.

कारण एवढंच, वकील म्हणाला की यात नवीन काही नाही. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली हात गेला की प्रेस थांबवणारी यंत्रणा कंपनीच्या जुन्या कागदांत आहेच. लेथवाला म्हणतो, त्यांची विजेवर चालते; वीज गेली की प्रेस धाडकन खाली. माझ्या यंत्रणेत खटका आहे, तो वीज गेली तरी पडतो आणि प्रेस अडवतो. त्याच्या भावाचा पंजा असाच गेला, वीज गेली तेव्हा.

७ मार्च
त्याचा मूळ अर्ज तीनदा वाचला. बावीस पानं, आणि खटक्याबद्दल चकार शब्द नाही! तो नंतर पेटंटच्या दाव्यात घुसडलेला. आमचे अध्यक्ष हसले — बैल गेला आणि झोपा केला. कायदा स्पष्ट आहे: अर्जाच्या दिवशी कागदांत नव्हतं ते मागाहून घालता येत नाही. मला लेथवाल्याचाच राग आला. एवढं डोकं चालवलंस, चार ओळी लिहायला काय धाड भरली होती? घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, अपील फेटाळ, कप नको फोडूस.

११ मार्च
आज पुन्हा सुनावणी.

त्याने छोटी प्रेस आणून टेबलावर ठेवली. डावा हात खाली घातला, वीज बंद केली. खटका पडला, हात शाबूत. मी म्हटलं, चालतो की नाही हा प्रश्नच नाही, अर्जात होता का तेवढं सांगा. त्याने माझ्याकडे पाहिलं. खटका काढून खिशात टाकला, वीज चालू केली आणि पुन्हा हात घातला. कुणी उठायच्या आत वीज बंद केली.

तो आवाज कानातून जात नाही. दोन बोटं गेली. किंचाळलासुद्धा नाही.

"हे कंपनीचं," म्हणाला. "आता दिसला फरक?"

१२ मार्च
कालचे कपडे फेकून दिले.

१५ मार्च
आदेश लिहिला. नवेपणा मान्य — वकिलानेही ती हरकत सोडली. पण मूळ अर्जातल्या वर्णनात खटका नाही, म्हणून अपील फेटाळलं. लिहिताना त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. अध्यक्षांनी सही केली, मीही केली.

१९ मार्च
त्याची बायको प्रेस न्यायला आली. आदेश पोचला होता. वाटलं, थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "त्यांना लिहायला जमत नाही, मॅडम. ते काढतात."

२० मार्च
मूळ अर्जाच्या मागे जोडलेल्या आकृत्या आज पहिल्यांदा उघडल्या. आकृती हेही वर्णनच, असं मीच नव्या लोकांना शिकवते. तिन्ही वेळा नुसता मजकूर वाचला होता.

चौथ्या आकृतीत खटका आहे. शाईने, अगदी रेखीव. फक्त इतर भागांना आहे तसा नंबर त्याला दिलेला नाही.