सहा नोंदी, खाली माझी सही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणपन्नास, विधवा, व्यवसाय वर्कशॉपमध्ये मोजमाप तपासनीस, राहणार शिंपीणबाईंच्या दुकानावरच्या दोन खोल्या, असे लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती तर काही जणांच्या मते गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे, आणि हा मजकूर मला कोणी शिकवलेला किंवा धाक घालून लिहवून घेतलेला नाही. अक्षर हललेलं दिसेल ते आजारामुळे.

येत्या सोमवारी माझी छाती उघडून हृदयातली एक झडप बदलणार आहेत. नवी झडप किती तास चाचणीवर ठेवली होती, असं मी डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते हसले. मला उत्तर हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम एक. आठ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. मूलबाळ नसल्यामुळे त्यात, आम्हा नवरा-बायकोच्या पश्चात, सगळं धाकट्या भावाच्या नावे ठेवलं होतं. ते मी रद्द करते. भावाला घरात 'साहेब' म्हणतात, कारण सात वर्षांचा असताना तो वडिलांना म्हणाला होता, "माझ्याशी बोलायचं तर आधी दार वाजवा." या कागदातही मी साहेबच लिहीन. त्यात आता माया किती आणि टोमणा किती, हे मला मोजता येत नाही, आणि मोजणं हा तर माझा धंदा.

कलम दोन. राहत्या दोन खोल्या साहेबाच्या मुलीला, म्हणजे माझ्या एकुलत्या एका पुतणीला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती तेवीस वर्षांची आहे. तिला खोटं बोलता येत नाही आणि स्वयंपाकही येत नाही; स्वयंपाक शिकता येईल. मागच्या खिडकीच्या बिजागरीला वर्षातून एकदा तेल घालावं. नळ फार घट्ट पिळू नये, वायसर जातो. तिचे वडील आले तर त्यांना चहा द्यावा, बसायला चांगली खुर्ची द्यावी. मुक्कामाला ठेवू नये, आणि घराच्या कागदांवर त्यांना कशासाठीही सही देऊ नये, ते कितीही गोड बोलले तरी. ते फार गोड बोलतात.

कलम तीन. लाकडी पेटीतली माझी सगळी मापं पुतणीलाच. मायक्रोमीटर ठेवताना त्याचे जबडे पूर्ण मिटवू नयेत, केसभर फट ठेवावी. पेटीतलं काहीही कोणी "जरा वेळ" मागितलं तर नाही म्हणावं. जरा वेळ नेलेली माझी एक डायल गेज अजून जरा वेळच आहे.

शिंपीणबाईंना माझी हिरवी शाल द्यायची होती, पण त्या या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकिलांनी सांगितलं. "म्हणजे मी फुकटात सही करायची आणि वर थंडीत कुडकुडायचं," बाई म्हणाल्या. तेव्हा शाल पुतणीला. पुतणी ती कोणाला वापरायला देते, यात मी पडणार नाही.

कलम चार. बँकेतल्या ठेवीपैकी अर्धी पुतणीला, अर्धी लेथवाल्या दादांना. दादा माझे कोणी लागत नाहीत. बावीस वर्षं आम्ही एका छपराखाली काम केलं. ते घडवायचे, मी मोजायचे. साठी उलटून चार वर्षं झाली तरी ते आजही लेथवर उभे आहेत, आणि त्याचं कारण पुढच्या कलमात आहे.

कलम पाच. साहेबाच्या कंपनीचे नऊ हजार शेअर माझ्या नावावर आहेत. कंपनी आता नाही, कागद आहेत. ते सगळे साहेबाला द्यावेत. कारण लिहिते.

जमिनीतून तेल काढायचं तर मैल-दोन मैल खोल भोक पाडावं लागतं, आणि खाली बिट, म्हणजे भोक पाडणारं टोक, कुठल्या खडकात फिरतंय हे वर उभ्या माणसाला दिसत नाही. साहेबाने बिटच्या मागे बसणारी एक पोलादी नळी तयार केली, माणसाच्या उंचीची. खडक बदलला की हादरे बदलतात. नळी ते ओळखते आणि वर कळवते. तिचं नाव त्याने 'कान' ठेवलं. कल्पना त्याची होती आणि ती चांगली होती, हे मी आजही लिहून देते. मी अठरा वर्षांची शिल्लक आणि लग्नातल्या बांगड्या त्यात घातल्या. नवरा म्हणाला, "कानासाठी बांगड्या मोडणारी तू पहिलीच." आणि हसत हसत माझ्याबरोबर सोनाराकडे आला.

खरी परीक्षा नळीतल्या रबरी कडीची होती. इतक्या खोलीवर उष्णता आणि दाब एवढा असतो की कडी जरा जरी ढिली पडली तरी आत तेल शिरतं आणि यंत्रणा मरते. म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये नळी आठ दिवस तापलेल्या तेलाच्या बंद टाकीत, दाबाखाली ठेवली. सकाळी आठ ते रात्री आठ, दर दोन तासांनी मी तापमान आणि दाब वहीत लिहायचे. दिवसाला एक पान, पानावर सात नोंदी, तळाशी माझी सही. सही नसलेलं पान बाद, आणि एक पान बाद तर चाचणी पहिल्यापासून. हा नियम मीच केला होता.

पाचव्या दिवशी सकाळी आठची नोंद घेतली आणि नवऱ्याच्या ऑफिसातून फोन आला. तो जिन्यात पडला होता, अर्धं अंग लुळं झालं होतं. मी पिशवी उचलली. साहेब वही घेऊन आडवा आला. "ताई, सही करून जा, नाहीतर पाच दिवस पाण्यात. नोंदी मी घेतो ना."

सहा ओळी रिकाम्या असताना मी खाली सही केली. आयुष्यात तेवढी एकदाच.

त्या आठ पानांच्या झेरॉक्स काढून साहेबाने फाइल केली आणि भागीदार गोळा केले. वर्कशॉपमधले आणि गल्लीतले मिळून अकरा जणांनी पैसे घातले. दादांनी निवृत्तीसाठी साठवलेली सगळी रक्कम घातली. महिन्याभराने, नवऱ्याला भरवता भरवता, मी ती फाइल पहिल्यांदा नीट पाहिली. आमच्याकडे सकाळी दहाला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर दोनला मोठा कॉम्प्रेसर सुरू होतो. तो सुरू झाला की विजेचा दाब पडतो आणि टाकीचं तापमान दोन अंश घसरतं, मग सावरतं. सात दिवसांच्या सात पानांवर दहाला आणि दोनला ती घसरण आहे. पाचव्या पानावर नाही. सगळे आकडे ओळीत उभ्या केलेल्या मुलांसारखे सारखे.

मी साहेबाला गाठलं. तो नाकबूल गेला नाही, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं.

"अकराला कडी गेली, ताई. तेल आत शिरलं. मी उघडली, पुसली, नवी कडी घातली, संध्याकाळपर्यंत टाकी परत चालू केली आणि सहाही ओळी एकदमच भरल्या."

"मग तसं लिहायचं होतंस."

"तसं लिहिलं असतं तर एक रुपया आला नसता. आता दुसऱ्या रबराची कडी करतोय. सगळ्यांचे पैसे दुप्पट झाले की कोण विचारतंय पाचवं पान?"

मी गप्प बसले. नवऱ्याचं आजारपण होतं, हे खरं. साहेबाला मी कडेवर खेळवलं होतं, हेही खरं. आणि त्याची नळी चालेल अशी आशा मलाही होती, हे सगळ्यात खरं. दोन विहिरींत ती चाललीही. तिसऱ्या विहिरीत कडी गेली, नळी गप्प झाली, वरच्या माणसांना खडक बदलल्याचं कळलंच नाही. पाइप अडकला आणि विहीर सोडून द्यावी लागली. त्यानंतर कोणी कान भाड्याने घेतला नाही.

कंपनी बुडाली याचं मला इतकं वाटलं नसतं, बुडतात. पण बुडण्याच्या दोन महिने आधी साहेबाने नळीच्या आराखड्याचे हक्क बायकोच्या नावच्या नव्या कंपनीला विकले होते, चहा-बिस्किटाच्या किमतीत. त्याच जागेवर नवी पाटी लागली. आम्हा बारा जणांकडे शेअरचे कागद उरले. पुठ्ठा चांगला आहे त्यांचा.

कलम सहा. भावजयीने माझी तीन मोठी पातेली नेली आहेत. भागीदारांच्या पहिल्या जेवणाचा स्वयंपाक मी त्यांत केला होता. ती तिच्याकडेच राहू द्यावीत. मला ती परत नकोत, आणि तिला ती घासताना काही आठवलं तर आठवू दे. तिच्याविषयी जास्त लिहीत नाही. ती परकी होती, तिने मला कसला शब्द दिला नव्हता.

कलम सात. चाचणीची मूळ वही माझ्या कपाटात, वरच्या फळीवर, चादरींच्या खाली आहे. अकरा जणांनी साहेबावर दावा लावला आहे. त्याला साहेबाने जे लेखी उत्तर दिलं, त्याची प्रत वकिलांनी मला दाखवली. त्यात लिहिलं आहे, "चाचणीच्या सर्व नोंदी माझ्या थोरल्या बहिणीने घेतल्या असून त्याखाली तिची सही आहे. नोंदी खोट्या असल्यास मला त्याची कल्पना नव्हती." झेरॉक्समध्ये सगळी शाई काळीच दिसते. मूळ वहीत माझ्या नोंदी निळ्या आहेत आणि त्या सहा काळ्या.

गेल्या आठवड्यात साहेब आला होता. माझ्यासाठी पाठीला लावायची उशी घेऊन.

"ती मूळ वही आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"माझ्याकडे दे. ऑपरेशनच्या गडबडीत कुठे जायची."

"गेले तर मी जाईन. वही कुठे जात नाही."

"असं बोलू नये गं."

"आणि कोर्टात तसं लिहावं?"

त्याने उशीची शिवण चाचपली. "ते वकिलाने लिहिलं. तुला काही होणार नाही, ताई. आजारी बाईला कोण आत टाकतंय?"

माझं आजारपणही त्याने कामाला लावलं होतं. मी त्याला चहा केला. तो गेल्यावर बराच वेळ कप तसाच राहिला.

सबब, माझ्या मृत्यूनंतर सदर वही लेथवाल्या दादांना देण्यात यावी.

इथवर लिहून काल दुपारी मी हा मजकूर शिंपीणबाईंना वाचून दाखवला. त्या काजं करत ऐकत होत्या. सातवं कलम संपल्यावर त्यांनी सुई थांबवली.

"म्हणजे तू मेलीस तर दादांना न्याय मिळणार."

"हो."

"आणि वाचलीस तर?"

मी कागदाची घडी घातली.

"वाचलीस तर वही चादरींखाली, असंच ना? मग त्या बिचाऱ्याने काय मागावं गं देवाकडे?" बाई म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला.

आज जेवणाच्या सुट्टीत मी दादांना बोलावून घेतलं. अंगावर तेलाचे कपडे म्हणून ते पलंगावर बसेनात, दाराशी स्टुलावर बसले. मी पाचवं पान उघडून समोर धरलं. शाईचं मी काही बोलायच्या आधीच त्यांचं बोट दहाच्या ओळीवर थांबलं. कॉम्प्रेसरशेजारी तीस वर्षं उभा राहिलेला माणूस तो.

"घसरलं नाही," ते म्हणाले. मग खाली पाहून, "दोनलाही नाही."

"नाही."

"कधी कळलं तुला?"

"तुम्ही पैसे भरल्यावर महिन्याने."

"पाच वर्षं झाली."

"हो."

"साहेबाला मी ओळखत नव्हतो. मी तुझी सही बघून पैसे दिले."

"माहीत आहे, दादा."

"माहीत होतं. आणि रोज मला विचारत होतीस, दादा, चहा झाला का."

साहेबाने मला फसवलं, हे पाच वर्षं मी उराशी धरून बसले होते. दादांच्या तोंडाकडे पाहताना कळलं की त्यांच्या बाजूने बघितलं तर आम्ही दोघं भावंडं सारखीच दिसतो.

मी त्यांना अर्ध्या ठेवीचं सांगितलं. "ते तू मेल्यावर ना? मग राहू दे तिथेच," ते म्हणाले. वही त्यांनी रुमालात गुंडाळली. जिन्याच्या तोंडाशी थांबून, पाठमोरेच, म्हणाले, "वही दाखवता येईल. पण सही का केलीस, ते तुलाच सांगावं लागेल."

"सांगेन."

"मग ये," म्हणाले आणि उतरून गेले.

म्हणून कलम सात रद्द. जी वस्तू माझ्या ताब्यात नाही, तिची वाटणी मला करता येत नाही.

कलम आठ. दाव्याची पुढची तारीख ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी आहे. मला चालता येत नसेल तर पुतणीने मला खुर्चीत बसवून न्यावं. समोर तिचे वडील असतील. तिला जड गेलं तर तिने दादांना सांगावं, ते नेतील. जिवंतपणी करायच्या गोष्टी मृत्युपत्रात लिहीत नसतात, असं वकील म्हणाले. तरी हे कलम राहू द्यावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खालील दोघींच्या देखत त्यावर सही केली.

सही : साहेबाची थोरली बहीण, मोजमाप तपासनीस

साक्षीदार १ : शिंपीणबाई, तळमजला (मजकूर ऐकला, मधे बोलल्या)

साक्षीदार २ : इंजेक्शन द्यायला येणारी नर्स (मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिलं, नाडी पाहिली)

ठिकाण : राहतं घर, मागची खोली

दिनांक : १४ मार्च, शुक्रवार