दादाने ठोकलेली फळी

पोर्ट्समथ बंदर, ९ मार्च १८११

प्रिय सोआझिग वहिनी,

तुला आणि आईला नमस्कार. मी ठीक आहे. तुझं पत्र पोचलं. गाय विकून दादाच्या सुटकेसाठी पैसे पाठवू नकोस. इथले दलाल पैसे खातात आणि कैदी जागच्या जागी राहतो.

खाणं तेच. बुधवारचा खारा मासा आम्ही ठेकेदारालाच परत विकतो, पुढच्या बुधवारी तोच पुन्हा ताटात. "आता हा मासा आपल्याला नावाने ओळखतो," असं दादा म्हणायचा.

आमचा तुरुंग म्हणजे कोणतं जहाज, हे तुला कळवलं नव्हतं. वहिनी, ही आपली 'आर्मोरिक'. लोरियाँच्या गोदीत दादाने जिच्या फळ्या बसवल्या, तीच. इंग्रजांनी पकडली, नावही बदललं नाही, आणि वर्षानुवर्षं आपल्याच फ्रेंच लोकांवर तिच्या तोफा डागल्या. म्हातारी झाल्यावर डोलकाठ्या उतरवून चिखलात बांधली आणि आम्हाला आत कोंडलं. पहिल्या दिवशी दादा हसला होता. "एर्वान, घरी आलो की रे!"

पळायचं ठरलं तेव्हा सगळे त्याच्याकडेच गेले. भोक कुठे पाडायचं?

"इथे. ही फळी मी ठोकलीय. मागे साधं पाइनचं लाकूड आहे."

गाबिक तोफची म्हणाला, "आधी टोचून बघू या."

दादा भडकला. "माझी पोर कशी आहे ते तू मला सांगणार?"

फळी कापली, तर मागे लोखंड. कुठल्याशा लढाईत तिथे गोळा बसला असणार आणि इंग्रजांनी जाड पट्टी मारली असणार. दादाला कुठून माहीत? करवत किंचाळली, पहारेकरी धावले, आम्ही पांगलो. तो मात्र लोखंडावर हात ठेवून उभाच. कोण कोण होतं विचारलं, तर म्हणाला, "माझं जहाज, माझं भोक." आम्ही सगळे वाचलो.

किती टाळतोय बघ मी. वहिनी, दादा गेला. शिक्षा म्हणून त्याला तळाच्या अंधारकोठडीत टाकलं, तिथे ताप भरला, वर आणला तेव्हा उशीर झाला होता. मी जवळ होतो. शेवटी त्याने तुझं नाव घेतलं असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. तो बाजूच्या फळ्यांवरून हात फिरवत होता आणि पुन्हापुन्हा म्हणत होता, "ही माझी नाही. ही पण माझी नाही."

आईला तूच सांग. माझ्याने होणार नाही.

तुझा दीर, अजून 'आर्मोरिक'च्याच पोटात असलेला,
एर्वान