परसातलं पक्वान्न

बिदर,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९४६

प्रिय वृंदा,

तुझं पत्र मिळालं. दिवाळी झाली की तिप्पण्णाला न्यायला पाठवा, मी गुलबर्ग्याहून कायमची तिकडे येते, आत्या एकट्या आहेत, असं तू लिहिलंस. ते मी तिप्पण्णाला सांगून बसले आणि पस्तावले. आपला गडी तो, लगेच बैलगाडीला वंगण घालायला निघाला. "वैनीसाब यायलेत व्हय? मग हुमनाबादेला मोटारीपाशी मीच जातो," म्हणाला. त्याला मी थांबवलंय. तुला ये म्हणायचं की नको म्हणायचं, ते या पत्रात लिहायचंय. पण धीर होत नाही, म्हणून आधी इकडचंतिकडचं लिहिते. माझी सून होण्याआधी तू माझ्या भावाची लेक आहेस, तेव्हा माझं लांबण लावणं तुला नवं नाही.

परसातल्या सीताफळांनी यंदा डोळे उघडलेत, पण खायला माणूस नाही. काल फळं काढताना तुमच्या त्या कस्टर्डची आठवण झाली. माझा अच्युत हैदराबादेहून मास्तरकीच्या सुट्टीत घरी यायचा, तेव्हा ट्रंकेत माझ्यासाठी तपकीर आणि तुझ्यासाठी तो पिवळ्या पुडीचा डबा असायचा. पुरणासाठी सकाळपासून पाट्यापाशी बसणारी मी, आणि तुमचं पक्वान्न काय, तर दूध तापवा, पूड कालवून घाला, निवलं की केळी, पेरू, सीताफळाचा गर टाका, झालं! याला स्वयंपाक म्हणायचं की भातुकली, असं मी तुला तोंडावर विचारलं होतं.

त्यात दूधवाल्या चंद्रम्मानं तोंड घातलं. तिची बहीण कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायची. "अक्का, ते पिवळं कामून हाय सांगू? अंड्याचं हाय. दुसरं काई न्हाई." मग काय विचारता! डबा उंबऱ्याच्या आत यायचा नाही, असा मी हुकूम सोडला. अच्युतनं डब्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं, माझ्या पायाची शपथ घेतली, पण मी ऐकते कसली? शेवटी परसात शेगडी मांडली, पातेलं वेगळं, चमचा वेगळा. आपल्या घरात दिवसाउजेडी नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. त्याला पाणी हवं असलं तरी तो मला सांगायचा आणि मी तुला. पण तुला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून डबा वाचायला तो परसात आणि ढवळायला तू. भाऊबंदांपैकी कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

आता तुला खरं सांगते. त्यात अंडं नसतं हे मला लवकरच कळलं होतं. वेशीजवळच्या डॉक्टरीणबाई, त्याही माझ्यासारख्या सोवळ्यातल्या, त्यांनीच सांगितलं की ते नुसतं मक्याचं सत्त्व असतं. मी गप्प बसले. हुकूम उठवला असता तर तू स्वयंपाकघरात आली असतीस आणि तो ओसरीवर गेला असता. मी आत माळ ओढत बसायची आणि कान परसाकडे. तो "गुठळी झाली, गुठळी झाली" म्हणून तुला चिडवायचा. तू काय उत्तर द्यायचीस ते ऐकू यायचं नाही, पण मग दोघं हसायचात. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? आणि वाटायचं, ते दूध आज लवकर घट्ट होऊ नये.

मग गेल्या वर्षीच्या भाद्रपदात विषमज्वरानं त्याला नेलं. त्याबद्दल लिहीत नाही, तू उशाशीच होतीस. तेराव्याला भाऊबंदांनी तुझ्या केसांचा विषय काढला तेव्हा मी सगळ्यांच्या अंगावर गेले, हे तू पाहिलंस. कशामुळे गेले, ते तुला ठाऊक नाही. माझे केस काढले तेव्हा मी तुझ्याएवढीच होते. अच्युत रांगत होता. मी जवळ घ्यायला गेले तर त्यानं मला ओळखलं नाही, किंचाळून रडला. कितीतरी दिवस तो माझ्याकडे येईना. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

काल डब्याच्या तळाशी राहिलेली पूड काढली आणि आत, माझ्या चुलीवर शिजवली. उकळत्या दुधात तशीच टाकली, सगळ्या गुठळ्याच झाल्या. आधी गार दुधात कालवायची असते हे सांगायला कोण आहे इथं? सीताफळाचा गर घालून तसंच खाल्लं. चांगलं लागलं ग. खाताखाता जे रडू आलं ते आवरेना.

आता लिहायचं ते लिहिते. वर्षश्राद्धाला अच्युतच्या शाळेतले गुंडेराव मास्तर आले होते. त्यांची बायको बाळंतपणात गेली, हे तुला माहीत आहे. जाताना उंबऱ्यापाशी थांबून, खाली मान घालून म्हणाले, तुमची परवानगी असेल तर मी वृंदाबाईंशी लग्न करीन. त्यांनी तुझ्या वडिलांनाही लिहिलं, आणि अण्णानं ते माझ्यावर ढकललं, आमची नली, म्हणजे मी, हो म्हणाली तर तो आड येणार नाही म्हणून. त्याला वाटतं, एकटी पडलेली बाई कशाला हो म्हणेल? त्यानं तुला विचारलं, तर तू म्हणालीस, मला आत्यांकडे जायचंय. तो माणूस तुला नको असेल तर तसं लिही, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. पण तुझ्या पत्रात त्यांच्याविषयी एक अक्षर नाही, सगळी माझीच काळजी. माझ्यासाठी येऊ नकोस. तू आलीस तर मला आनंद होईल, रोज होईल, आणि तुला पुन्हा पाठवायची ताकद माझ्यात उरणार नाही. म्हणून तिप्पण्णा येणार नाही. माझी परवानगी आहे, असं अण्णाला याच टपालानं कळवलंय. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. सून म्हणून तुझ्यावर माझा जो हक्क होता, तो मी आज सोडला. भाची म्हणून आहे, तो मरेपर्यंत सोडणार नाही.

तुझीच,
आत्या