माइकवर गेलेली हाक

अण्णांना धाकटीचा नमस्कार.

अक्षर वाकडं दिसलं तर पेन खराब आहे असं समजा. मी ठणठणीत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

मटण खा, मेंढ्या पाळणाऱ्यांना जगवा, असं लोकांना पटवायचं माझं काम तुम्हाला माहीत आहेच. काल चौकातल्या मंडपात दाखवायला एक मेंढी आणली होती. ती बुजली आणि माझ्या तोंडून तुम्ही आपल्या मेंढ्यांना घालता तीच हाक गेली, “ये गं बाळा.” माइक चालू होता.

“बाळा म्हणतेस आणि कापतेस?” कुणीतरी ओरडलं. गर्दी अंगावर आली, कुणी माझ्यावर डबाभर लाल पाणी ओतलं. रंगच होता; आईला सांगू नका.

उद्या परत तिथेच उभं राहायचंय. लोकांची भीती वाटतेच, पण मेंढीची जास्त वाटते. परवा तिला कापायला नेणार, आणि आता ती माझ्याच मागे मागे येते.

तुमची,
धाकटी