गेनबाच्या पुंगळीचं बूड

ती. ज्ञानूमामांस वेल्ह्याहून धनाजीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? भोंगवलीत मामींचा खोकला थांबला का? तुमची बहीण, म्हणजे आमची आई, ठणठणीत आहे. मी मात्र आतून जळतोय. (फोनच केला असता, पण आमच्याकडे रेंज येते ती नेमकी गेनबाच्या ओट्यावर.)

तर हा गेनबा, आमच्या बांधाला बांध असलेला. त्याच्या नांगराला काडतुसाची रिकामी पुंगळी लागली. पितळी, बोटाएवढी, बुडावर इंग्रजी के आणि एफ, बाकी मातीनं बुजलेलं. अक्षरं इंग्रजी म्हणजे काडतूस इंग्रजांचं, आणि काडतूस इंग्रजांचं म्हणजे ते त्याच्या आजोबांवरच झाडलेलं, असं त्यानं पारावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं. आजोबांनी म्हणे गोळी वाकून चुकवली. (त्या आजोबांना मी पाहिलंय. चप्पल घालायलासुद्धा त्यांना वाकता येत नव्हतं.) आता पुंगळी त्याच्या देवघरात आहे, पोरं तिच्यासोबत फोटो काढतात आणि पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायत गेनबाला शाल देणार आहे. शाल, मामा, त्या गेनबाला. आमची मंगल चहा देताना म्हणते, "गेनबाभावजींच्या घराण्यात कुणी लढलं तरी. तुमच्यात कुणी काय केलंय?" तो चहा मला गेला नाही.

म्हणून मी मुद्दाम दर्शनाला गेलो. गेनबाची बायको बनाबाई रोज देवांबरोबर पुंगळीच्या बुडालाही हळदकुंकू लावते, त्याचा चांगला थर बसलाय. नमस्काराच्या निमित्तानं मी तो अंगठ्यानं खरवडला, तर खालून आकडा निघाला, ७१. मामा, तुमचा जन्म खडकीच्या कारखान्यात काडतुसं करण्यात गेला. के एफ म्हणजे खडकी आणि आकडा म्हणजे साल, हे तुम्हीच मला शिकवलंत. एकाहत्तर साली कुठला आलाय इंग्रज? मी आकड्यावर पुन्हा कुंकू दाबलं आणि तडक पारावर जाऊन सांगितलं की झेंडावंदनाला माझे मामा येऊन सगळ्यांसमोर बूड वाचतील. तरी अवश्य यावं.

आपला भाचा,
धनाजी

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आरं, ती तुज्या बापाची हाय. मागून आणलेल्या बंदुकीनं रानडुकरावर झाडली, आन् लागली गेनबाच्या बापाच्या म्हशीला. बिबट्यानं मारली म्हून बोंब कुणी ठोकली? तुज्या बापानंच." म्हणजे आमच्या घराण्यातही कुणी काहीतरी केलंय, पण मंगलला ते सांगता येत नाही.

आणखी एक, पत्र टाकायचं चार दिवस राहिलं म्हणून. तुम्ही याच, आता सगळं गाव वाट बघतंय. फक्त के एफ वाचून थांबा आणि काडतूस पक्कं विलायती आहे असं खणखणीत सांगा. समारंभासाठी बनाबाई पुंगळी चिंचेनं घासायला निघाली होती. मी आडवा पडलो, म्हटलं, "वैनी, असल्या वस्तूला चिंच लावत न्हाईत." तेव्हापासून तिचा माझ्यावर भारी विश्वास बसलाय. रोज सकाळी अंघोळ करून मीच त्या बुडाला कुंकू लावायला जातो.