वाळवंटाचा बिनचूक आराखडा

५ जानेवारी
बायकोने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं. (फ्रीज, पडदे आणि मी वेळेवर घरी येणं, हे सोडून.) ती नर्स. वॉर्डातल्या जुन्या मासिकात तिला वाळवंटातल्या नॅशनल पार्कचा फोटो दिसला. नुसती वाळू आणि मधोमध एक काळा खडक. म्हणाली, "इथे एकदा जायचंय." मी म्हटलं, समज गेलोच! तेवीस वर्षं बस डेपोत एकशे चाळीस ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावतोय. तीन माणसं वाळवंटात न्यायची म्हणजे काय मोठंसं?
नवी वही आणली. पहिल्या पानावर ठळक लिहिलं: आराखडा.

८ जानेवारी
माहिती काढली. गेटपासून आत नव्वद किलोमीटर. रस्ता नाही, पंप नाही, मोबाइलला रेंज नाही. पाणी आपलं आपण न्यायचं. परमिटशिवाय प्रवेश नाही. पार्क मार्चनंतर बंद.
सोपं आहे.
तिसरा माणूस म्हणजे मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. जीप त्याची, त्यामुळे नाइलाज. त्याने विचारलं, निघायचं कधी? मी म्हटलं, आधी आराखडा. तो हसला. हसण्यासारखं काय होतं?

१४ जानेवारी, सकाळी ५.३०
संकल्प: रोज पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन जिना चार वेळा चढायचा-उतरायचा.

१४ जानेवारी, सकाळी ५.५०
रिकाम्या सॅकने सुरुवात करणं जास्त शास्त्रीय.

१७ जानेवारी
कंबर. स्नायू घडताना असं होतंच. बायकोने शेक दिला. तिला विचारलं, तुझा सराव कधी? म्हणाली, वॉर्डात रोज चालते तेवढं पुरे. चालणं आणि सराव यांतला फरक तिला कोण समजावणार!

२ फेब्रुवारी
हॉलमध्ये तंबू उभारला. माहितीपत्रकात सात मिनिटं दिली आहेत. मला दीड तास लागला, पण आमच्या हॉलमध्ये सोफा आहे, वाळवंटात नसणार. तंबू उभा राहिला तेव्हा मी आत होतो आणि चेन अडकली होती. बायको ड्युटीवर. शेवटी तंबूसकट सरकत सरकत दारापर्यंत गेलो. मेहुण्याने येऊन सोडवलं. आधी फोटो काढले, मग सोडवलं.

११ फेब्रुवारी
डेपोतल्या मेकॅनिकला टायरबद्दल विचारलं. म्हणाला, "वाळूत हवा कमी करायची, साहेब."
म्हटलं, टायरमधली ना?
म्हणाला, "टायरमधलीसुद्धा."
सगळे हसले. मीही हसलो. खिलाडूवृत्ती पाहिजे.

१९ फेब्रुवारी
परमिटचा फॉर्म ऑनलाइन भरला. बायको म्हणत होती, मी भरते. म्हटलं, राहू दे, माझं आयुष्य तक्ते भरण्यात गेलंय. 'ग्रुप लीडर' या रकान्यात माझं नाव. खाली 'सदस्य': बायको, मेहुणा. लीडरचं नाव वर आलंच आहे, खाली परत लिहिणं म्हणजे पुनरुक्ती.

२४ फेब्रुवारी
परमिट आलं! १० ते १२ मार्च. 'सदस्य संख्या: दोन.' लीडरला मानाने वेगळं धरतात, हे आवडलं.

८ मार्च
प्रस्थान. नियोजित वेळ ४.१५. प्रत्यक्ष ७.४०. नकाशा माझ्या मांडीवर. साठ किलोमीटर चुकीच्या दिशेने गेलो, पण रस्ता फार सुंदर होता.

१० मार्च, सकाळी ९
गेट. पत्र्याची एक खोली, बाहेर बाक. रेंजर बाई, आमच्या अर्ध्या वयाची. परमिटवर बोट ठेवून म्हणाली, "दोन माणसं. हे तिसरे कोण?"
मी म्हटलं, लीडर.
"लीडर म्हणजे फॉर्म भरणारा, काका. तो घरी बसूनही भरता येतो."
मी तेवीस वर्षांचा अनुभव सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ड्युटीच्या तक्त्यात नाव नसलेल्या ड्रायव्हरला तुम्ही बस देता का?"
मी म्हटलं, नाही.
नवं परमिट इथे मिळत नाही. या मोसमातलं बुकिंगही संपलंय.

१० मार्च, सकाळी १०
मी म्हटलं, परत फिरू, पुढच्या वर्षी सुधारित आराखडा करतो. बायको वाळूकडे बघत राहिली. काळा खडक इथून दिसत नाही. मग म्हणाली, "तुम्ही दोन दिवस इथे राहाल का?"
चिडली असती तर मला काही बोलता आलं असतं. राहतो की, म्हटलं. तिने माझ्या बीपीच्या गोळ्या मोजून हातावर ठेवल्या आणि जीपमध्ये बसली.

११ मार्च
रेंजरला नोंदवही कशी आखावी ते समजावलं. तिने माझ्या हातात झाडू दिला. सकाळी ओटा झाडला. दुपारी वाळू पुन्हा तेवढीच. परत झाडला.
जीपच्या चाकांच्या खुणा काल स्पष्ट होत्या. आज वाऱ्याने पुसल्या. आत काही झालं तर कळायला मार्ग नाही. आराखड्यात तासातासाचं लिहिलं होतं, कोण कुठे असेल ते. पण ती आराखड्याची वही जीपमध्ये गेली, ही डायरी तेवढी खिशात राहिली. रेंजर म्हणाली, "काळजी करू नका, काका." मी म्हटलं, छे, काळजी कसली. मग तिलाच विचारलं, गेल्या वर्षी कोणी हरवलं होतं का?

१२ मार्च, संध्याकाळी ६
जीप आली. मी धावलो. (कंबर.) बायकोचं नाक सोललं होतं, केसांत वाळू, आणि चेहरा असा की क्षणभर ओळखलीच नाही. पाणी पुरलं का, टायर रुतला का, खडक सापडला का, सगळं एका दमात विचारलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, आधी बसा तर."

१२ मार्च, रात्री ८, जीपमध्ये
शेवटी विचारलं, कसं होतं?
तिने केसांतली वाळू झटकली. मग म्हणाली, "फार छान. दोन दिवस कोणी काही समजावून सांगितलं नाही."
त्यानंतर तासभर मी चकार शब्द काढला नाही. तिच्या ते लक्षात आलंय असं वाटत नाही. तिला झोप लागली आहे.